जीपगाडीची संशोधित आवृत्ति

आपल्याकडे इतिहास म्हटला कीं तख्त, तह आणि तलवार यांच्यापलीकडे सहसा दृष्टि जात नाहीं. कोणत्या सालीं कोणता किल्ला कोणाच्या हातीं गेला हें आम्ही विद्यार्थ्यांकडून घोकून घेतों. परंतु त्या किल्ल्याच्या पायथ्याशीं दाणागोटा कोणत्या गाड्यांतून गेला, त्यांचीं चाकें कोणीं केलीं आणि मोडलीं तेव्हां कोणीं सांधलीं, असें एखाद्या विद्यार्थ्यानें विचारलेंच, तर अध्यापकास घड्याळाकडे पाहून तास आटोपता घ्यावा लागेल. वाहनांचा इतिहास आपण गाडीवानांवर आणि मिस्त्रींवर सोंपवून मोकळे झालों आहों.

कोल्हापुरांत या नियमास एक अपवाद आहे, तो खडखड्याचा. शाहू छत्रपतींचा जन्म २६ जून १८७४ रोजीं कसबा बावड्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यांत झाला. १९२२ सालीं ते निवर्तले, त्यास आतां शंभरावर वर्षें लोटलीं. तरीही करवीरच्या खेड्यापाड्यांतील वृद्धांच्या गोष्टींत महाराज सिंहासनावर बसलेले क्वचितच आढळतात. ते असतात खडखड्यावर, घोड्यांचे लगाम स्वतःच्या हातीं घेऊन, माळरान तुडवीत. मखमली गाद्यांचे रथ विस्मृतींत गेले आणि आडवाटेस न कचरणारी ही दणकट गाडी लोकांच्या ध्यानांत राहिली. वाट सोडून जाऊं शकणाऱ्या वाहनाविषयीं माणसाच्या मनांत कांहीं निराळाच जिव्हाळा असतो. ज्या बावड्यांत महाराज जन्मले, त्याच बावड्यांत, खडखड्याची यंत्रयुगांतील चुलत बहीण म्हणावी अशा एका गाडीचा जीर्णोद्धार एक गृहस्थ आणि त्यांची कन्या मिळून गेलीं दोन वर्षें करीत आहेत. त्यांच्या कामामुळें इतिहासाच्या अभ्यासकास टाळतां न येणारा एक प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला. तो सांगण्यापूर्वीं त्या गाडीची कुळकथा सांगणें भाग आहे.

१९४० च्या जूनमध्यें फ्रान्सनें जर्मनीपुढें शस्त्रें ठेवलीं. सैन्याच्या यांत्रिक वेगापुढें जुन्या युद्धशास्त्राचें कांहीं चालत नाहीं, हें पाहून अमेरिकेच्या सैन्यखात्यानें जुलैमध्यें १३५ कारखानदारांस निविदा धाडल्या. हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी टेहळणीची गाडी हवी. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. आणि वजन १३०० पौंडांच्या आंत हवें! ही शेवटची अट इतकी अव्यवहार्य होती कीं पुढें ती सैल करणें भाग पडलें. पेनसिल्व्हेनियांतील बटलर गांवच्या बँटम नांवाच्या, जवळजवळ बुडीत निघालेल्या, एका लहान कारखान्यानें ही पैज उचलली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानें कांहीं दिवसांतच आराखडे उभे केले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं गाडी लष्कराच्या तळावर हजर झाली. यशाचें फळ मात्र बँटमला मिळालें नाहीं. कारखाना लहान, मागणी अफाट. म्हणून सैन्यखात्यानें ते आराखडे विलीज आणि फोर्ड या बड्या कारखान्यांस दाखविले. विलीजच्या गाडीचें इंजिन सर्वांत जोरकस, ६० अश्वशक्तीचें, ठरलें. तिचाच नमुना मुक्रर झाला आणि फोर्डनेंही तोच बनविण्याचा करार केला. युद्ध संपेपर्यंत या दोघांनीं मिळून सुमारें ६ लक्ष ४० हजार गाड्या बाहेर काढल्या. बँटमच्या वांट्यास अवघ्या २७०० च्या आसपास आल्या. ग्रंथकर्ता विसरला जावा आणि लेखनिकाचें नांव गाजावें, असा प्रकार केवळ पोथ्यांच्याच बाबतींत घडतो असें नाहीं.

खुद्द ‘जीप’ या नांवाची व्युत्पत्ति वादग्रस्त आहे. कोणी ती लष्करी आद्याक्षरांत शोधतात, तर कोणी १९३६ सालीं ‘पॉपाय’च्या चित्रमालेंत अवतरलेल्या एका विलक्षण प्राण्यांत. या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं.

आमच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ही गाडी मोडणार, आणि ती कारखान्यापासून हजारों मैलांवर, चिखलांत, रात्रीच्या काळोखांत मोडणार, हें गृहीत धरूनच तिची रचना केलेली होती. तिचे पुढचे दिवे बिजागरीवर बसविलेले असत. एक पंखाचा नट हातानें सैल केला कीं दिवा मागें उलटून इंजिनावर उजेड पाडी. अडकली तर चौघांनीं उचलावी म्हणून अंगालाच मुठी लावलेल्या. पेट्रोलची टांकी चालकाच्या बैठकीखालीं. समोरची कांच आडवी पाडतां येई. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत हत्यारांचे कप्पे. विलीजचा भाग फोर्डच्या गाडीस आणि फोर्डचा विलीजच्या गाडीस बसावा, असा सैन्याचा दंडक होता. फोर्डनें मात्र आपला माल ओळखूं यावा म्हणून बारीकसारीक भागांवर, बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धां, आपलें इंग्रजी ‘एफ’ हें अक्षर उमटविलें. हें अक्षर वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

युद्ध संपलें आणि या गाड्यांचे ढीग देशोदेशीं पडून राहिले. मनिला शहरांत लोकांनीं त्या लांबवून, रंगवून त्यांच्या प्रवासी गाड्या केल्या. इंग्लंडमधील रोव्हर कारखान्याचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांनीं अँगल्सी बेटावरील आपल्या शेतीवर अशीच एक लष्करी जीप वापरली आणि तिच्या अनुभवावरून लँड रोव्हर जन्मास घातली. ती १९४८ च्या एप्रिलमध्यें लोकांपुढें आली. आपल्याकडेही लष्कराच्या उरल्यासुरल्या गाड्या लिलावांत निघाल्या. १९४५ सालीं मुंबईंत ‘महिंद्र अँड महंमद’ ही पेढी निघाली होती. तिचे एक भागीदार गुलाम महंमद हे फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पेढीचें नांव १९४८ सालीं ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालें. या पेढीनें १९४९ सालीं विलीजच्या ७५ जीपगाड्यांचे सुटे भाग आणवून त्या माझगांवांत जुळविल्या. राष्ट्रांची फाळणी एका गाडीच्या नामफलकावर अशी उमटलेली आहे. पुढें जीप आपल्याकडे मामलेदाराची, पाटबंधाऱ्याच्या साहेबाची, आणि निवडणुकींत तर सर्वांचीच झाली.

बावड्याची ही गाडी त्यांच्याही आधीची, अस्सल युद्धकालीन आहे. घरांतील सांगणें असें कीं, सध्यांच्या गृहस्थांच्या वडिलांनीं ती पुण्याच्या बाजूस कोठल्याशा लिलावांत घेतली. कागद उरलेला नाहीं. त्यांनीं वीसेक वर्षें ती चालविली. उसाच्या शिवारांत, गुऱ्हाळावर, शाहुपुरीच्या गूळबाजारांत. मग पिस्टन जाम झाले, ट्रॅक्टर आला, आणि जीप गोठ्याच्या पडवींत वैरणीखालीं गेली. पंचगंगेच्या कांठच्या गांवाला पुराचा नेम चुकत नाहीं. जवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलें कीं इशारा आणि ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही सालीं तें ५५ फुटांच्याही वर गेलें. त्या दोन पुरांचा गाळ गाडीच्या गियरपेटीच्या कवचांत दोन थरांनीं सांपडला. उत्खननांत थर पाहण्याची संवय असलेल्या कोणाही माणसास तें दृश्य आवडलें असतें.

कन्या यंत्रविद्येची पदविका घेत आहे. इंजिनाचें मस्तक उतरवून सिलिंडरांत तेल ओतावें, चार दिवस थांबावें, हँडल घालून बोटभर हलतें का पाहावें, पुन्हां तेल ओतावें, असें तिनें सात आठवडे केलें. वडील वैतागून घण मागूं लागले कीं ती म्हणे, “राहूं दे आबा, मी बघतो.” (कोल्हापूरच्या मुलींच्या तोंडचा हा पुल्लिंगी प्रयोग पुण्याच्या व्याकरणकारांस खुपतो, आम्हांस तो कानाला गोड लागतो.) आठव्या आठवड्यांत इंजिन फिरलें. वडिलांचा हात गिरणीच्या पट्ट्यांवर आणि पंपांवर तयार झालेला. कन्येचा अभ्यास पुस्तकांतला. चिडचिड दोन्ही बाजूंनीं पुष्कळ झाली, पण ब्रेकच्या नळ्या वांकविण्याचें काम मुलगी वडिलांच्या हाताकडे पाहूनच शिकली. तें कोणत्याही पुस्तकांत नव्हतें.

खरा मतभेद पुढें उपटला. वडिलांना गाडी ‘मूळच्यासारखी’ करावयाची होती. युद्धांतील जीपच्या पाठीला फाळका नसतो. मागचा पत्रा अखंड असतो आणि त्यावर जादा चाक टांगलेलें असतें. आजोबांनीं गुळाचे रवे चढविणें सोपें व्हावें म्हणून तो पत्रा कापून तेथें फाळका बसविला होता, आणि त्याच्या बिजागऱ्या गांवच्या लोहारानें, बैलगाडीला करतो तशा, ठोकून दिल्या होत्या. वडिलांच्या मतें ही गाडीची विटंबना. गरिबीच्या दिवसांतली ती ठिगळें काढून टाकून गाडी १९४३ सालच्या रूपांत उभी करावी; बाजारांत नवे पत्रे मिळतात. कन्येचें म्हणणें, “आज्जानं केलेलं काढायचं, मग आपली गाडी कुठली राहिली?”

या वादांत आम्हांस बोलावण्यांत आलें, तें इतिहासाचे प्राध्यापक म्हणून. आमचा यंत्रांशीं संबंध सायकलपर्यंतच पोंचला असल्यामुळें आम्हीं पोथीच्या भाषेंत विचार केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें आणि तें १९६६ सालीं पुरें झालें. विष्णु सीताराम सुकथनकरांनीं आणि त्यांच्या मागून आलेल्या संपादकांनीं शेंकडों हस्तलिखितें ताडून पाहून उपलब्ध पुराव्यांत जुन्यांत जुना पाठ सिद्ध केला. पण जे श्लोक प्रक्षिप्त ठरले ते त्यांनीं फेंकून दिले का? नाहीं. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून छापले. कारण प्रक्षेप म्हणजे कांहीं केर नव्हे. कोणत्या प्रांतांत, कोणत्या काळीं लोकांनीं महाभारत कसें वाचलें याचा तो पुरावा आहे. अडचण इतकीच कीं जीपगाडीला तळटीप नसते. फाळका एक तर असेल, नाहीं तर नसेल.

शिवाय ‘मूळ’ म्हणावें तें कशाला? येथें त्या ‘एफ’ अक्षराची साक्ष काढावी लागते. चेसिसच्या पुढच्या आडव्या पट्टीची घडण फोर्डची. कित्येक बोल्टांवर ‘एफ’ स्पष्ट. परंतु इंजिनावरचा क्रमांक सुरू होतो ‘एमबी’ या विलीजच्या अक्षरांनीं. म्हणजे आजोबांच्या हातीं येण्यापूर्वींच, बहुधा एखाद्या लष्करी कारखान्यांत, दोन मोडक्या गाड्यांची मिळून ही एक झालेली असावी. जिला वडील मूळ संहिता समजत होते तीच संमिश्र वाचना निघाली! हें दाखविल्यावर ते बराच वेळ त्या क्रमांकावरून अंगठा फिरवीत बसले. मग म्हणाले, “म्हणजे तिकडच्या मिस्त्रीनंही जोडजोडच केली म्हणायची.”

जीर्णोद्धार या शब्दाचा आपल्याकडे फार दुरुपयोग झाला आहे. काळ्या पाषाणाचीं जुनीं हेमाडपंती देवळें भाविकांनीं तैलरंगानें पिवळीं-गुलाबीं केलेलीं आपण जागोजागीं पाहतों; कोरीव काम रंगाखालीं बुजतें आणि वर देणगीदारांच्या नांवाची फरशी बसते. इंग्लंडांतही गेल्याच्या आधल्या शतकांत जुन्या चर्चांना ‘मूळ’ रूप देण्याच्या नादानें मधल्या काळांतील सारें काम तासून काढण्याची साथ आली होती. तिला विरोध करण्यासाठींच विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं संस्था काढली. दोन्हींकडे चूक एकच: पुनरुद्धार करणाराला हवा तो एकच क्षण तो इतिहास मानतो, आणि मधल्या माणसांस हद्दपार करतो. बावड्याच्या जीपच्या बाबतींत तर हें विशेषच खटकतें. १९४३ सालचें तिचें रूप पाहावयाचें असेल तर जगांतल्या अनेक संग्रहालयांत तशा गाड्या चकचकीत उभ्या आहेत. गुळासाठीं पाठ कापलेली, लोहाराच्या बिजागऱ्यांची ही एकच. लष्करी दफ्तरांत तिची नोंद मिळाली तरी ती अमेरिकेची असेल. आजोबांची नोंद म्हणून त्या बिजागऱ्यांशिवाय दुसरें कांहींच नाहीं. कूळकायद्याचे कागद सोडले, तर आपल्याकडच्या सामान्य शेतकऱ्याच्या हातचें लिहिलेलें आपल्या दफ्तरांत किती असतें?

अर्थात् सगळेंच ठेवावें असें नव्हे. आजोबांनीं ब्रेकच्या एका नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, ती वडिलांनीं आमचें मत न विचारतां काढली, आणि तें योग्यच केलें. इतिहासाच्या प्रेमापायीं कोणी पंचगंगेंत जाऊं नये.

तडजोड अशी झाली. फाळका आणि बिजागऱ्या राहिल्या. फक्त आंतून कुजलेला पत्रा नवा लागला. पुढच्या चाकांना जोर देणारा, कित्येक वर्षें निकामी असलेला दांडा वडिलांनीं चालू केला आणि दिव्यांच्या बिजागऱ्या पुन्हां फिरत्या केल्या. काढलेला प्रत्येक भाग कन्येनें चिठ्ठी बांधून पेटींत ठेवला आहे, आणि कोठून काढला, केव्हां, कां, हें एका वहींत लिहिलें आहे. सायकलच्या ट्यूबची पट्टीही त्यांत आहे, क्रमांक ३१. तळटीप म्हणतात ती हीच, असें आम्हीं तिला सांगितलें. तिनें वहीच्या कव्हरावर तो शब्द लिहून घेतला.

गेल्या माघांत गाडी स्वतःच्या बळावर बंधाऱ्याकडे जाऊन आली. रंगाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं. खरवडतांना सर्वांत खालीं लष्करी हिरवा, त्यावर निळा आणि सर्वांत वर आजोबांचा तांबडा निघाला. वडिलांना हिरवा हवा आहे, कन्येला तांबडा. आणि आजीबाईंनीं, ज्यांना दोन वर्षें कोणीं विचारलें नव्हतें, निळा सांगितला आहे, कारण लग्नानंतर त्या बावड्याला आल्या तेव्हां गाडी निळी होती.