आघाडीवरून आलेले पत्र आणि घरी परतलेला जवान



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका काढायची ठरली, तेव्हा कशावर लिहायचे यावर आमच्यात बरीच भवति न भवति झाली. कार्ले, भाजे, बेडसे या आपल्या मावळातल्या लेण्यांवर दरवेळी कोणी ना कोणी लिहितोच, आणि लिहायलाच हवे. पण या खेपेला आम्ही म्हटले की जरा घरातल्या माळ्यावर नजर टाकू. आपल्यातल्या कितीतरी घरांत माळ्यावर एक काळी लोखंडी ट्रंक असते. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. आत एखादे पदक, पेन्शनचे पुस्तक, आणि तळाशी घड्या पडलेली पत्रे. दिवाळीच्या साफसफाईत ती पत्रे रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. पदक कोणी टाकत नाही, पत्र टाकतात. आमच्या मते पदकापेक्षा पत्र मोलाचे, कारण पदक सरकारने दिलेले असते आणि पत्र माणसाने लिहिलेले असते.

पत्र लिहिता येणे ही आपल्या समाजात पूर्वी साधी गोष्ट नव्हती. गावच्या शाळेत आपल्या पोरांना पायरीवरसुद्धा बसू देत नव्हते, त्या काळात अक्षर शिरले ते पलटणीतून. कंपनी सरकारच्या फौजेत जवानांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवायच्या शाळा होत्या. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे अशाच लष्करी शाळेत मास्तर होते. म्हणजे ज्या घरातला माणूस पलटणीत, त्या घरात पत्र लिहिणारा आणि वाचणारा तयार व्हायचा. मग १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिनलढाऊ जाती’ असा भेद काढला आणि महारांची भरती बंद केली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, त्यांचीच नातवंडे बिनलढाऊ ठरली! गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्जामागून अर्ज केले ते यासाठी. बंद झाली ती नुसती नोकरी नाही, घरातली शाळा बंद झाली.

आता जखमींकडे येऊ.

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले. आपल्या शेजारच्या खडकीतून बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या फ्रान्सला गेल्या, आणि २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल या गावी त्यांची भयंकर हानी झाली. दुसरीकडे पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात उतरली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईत तिचे चार हजारांवर माणूस मेले आणि जखमी झाले. जखमींना नदीतून बसऱ्याला आणले ते उघड्या पडावांवर, दाटीवाटीने, दिवसेंदिवस पट्टी न बदलता. त्या हालांचा पुढे विलायतेत इतका गवगवा झाला की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १९१७ साली आला. जे वाचले ते आगबोटीने मुंबईला आले, आणि त्यांतले ज्यांना पुण्याकडे धाडले ते आपल्याच बोरघाटातून वर चढले. तेव्हा घाटात इंजिनाची उलटापालट करायचे रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी तिथे थांबायची, मागची पुढे व्हायची, मग खंडाळा, लोणावळा. लोणावळ्याचा गार वारा त्या पोरांना कसा लागला असेल, याचा विचार लोकलच्या दारात उभे असताना आमच्या मनात येतो.

फ्रान्समधल्या जखमींचे दवाखाने विलायतेत ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी उघडले होते. एक तर थेट राजवाड्यात, नक्षीदार छताखाली खाटा मांडून. जातीधर्माप्रमाणे निरनिराळ्या चुली, पाण्याचे निराळे नळ, सगळी बडदास्त. जात आपल्या माणसाच्या पाठीवर बसून सातासमुद्रापार गेली ती अशी. तिथून जवानांनी घरी हजारो पत्रे पाठवली. ज्याला लिहिता येत नाही त्याचे दुसरा लिहायचा. पत्र आधी पलटणीत तपासले जायचे, मग सेन्सॉरच्या कचेरीत. सेन्सॉरने नमुन्यादाखल उतरवून, भाषांतर करून ठेवलेले उतारे आजही लंडनच्या ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत. गंमत पाहा, ज्या कचेरीने पत्रे अडवली तिच्यामुळेच ती टिकली. घरी पोचलेली बहुतेक वाळवीने खाल्ली.

त्या पत्रांत काय आहे? बराचसा भाग घरच्यासारखाच. म्हशीचे काय झाले, सावकाराचे किती फिटले, बहिणीचे ठरले का. जखमेविषयी मोघम. आणि सेन्सॉरला चुकवायला खुणेची भाषा. काळी मिरी म्हणजे हिंदी जवान, तांबडी मिरी म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली असे लिहिले की गावाकडच्या शहाण्याने ओळखावे. जखमींचा सगळ्यांत मोठा सल वेगळाच होता. त्यांना वाटे, एकदा रक्त सांडले म्हणजे आपले देणे फिटले, आता घरी सोडतील. पण जखम भरली की पुन्हा खंदकात! १९१५ च्या पत्रांत हे गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा येते. बरे होण्याचीच भीती वाटावी, असली ही तऱ्हा. शिवाय ब्रायटनच्या किचनर दवाखान्यात माणसांना कुंपणाबाहेर फिरकू देत नसत. त्या संतापात गोडबोले नावाच्या आपल्याकडच्या सब-असिस्टंट सर्जनाने वरिष्ठ कर्नलवर गोळी झाडायचा प्रयत्न केला. असो.

याच युद्धात माणूसबळ कमी पडू लागले तेव्हा सरकारला आपली आठवण झाली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली, १९२१ साली मोडून टाकली. गावाकडे परतलेल्या जवानाचे काय झाले हे समजायला पुस्तक लागत नाही, आपल्या आज्या-पणज्यांना ते ठाऊक होते. बूट काढून गावात शिरायचे. पाणवठा तोच निराळा. घराला गावकीची पाळी होतीच. ज्या हातात बंदूक होती त्या हातात पुन्हा येसकराची काठी. लंगडत चालणाऱ्यालाही पाळी चुकत नव्हती, कारण वतन घराचे होते, माणसाच्या पायाचे नव्हते. डॉक्टरने जखम शिवली होती. ही दुसरी जखम मात्र तशीच. म्हणूनच १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर माणसे जमली तेव्हा त्यांत पलटणीचे पेन्शनर पुढे होते. त्यांनी जग पाहिले होते, आणि आपण कोणापेक्षा कमी नाही हे खंदकात पडताळून पाहिले होते.

बाबासाहेबांनी हा प्रश्न सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांची संरक्षणविषयक मंडळावर नेमणूक झाली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. ती रेजिमेंट आजही आहे, तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे.

जखमी जवानाला नीट उभे करण्याचे काम आपल्या पुणे जिल्ह्यात जितके झाले तितके देशात फार थोड्या ठिकाणी झाले असेल. अपंग जवानांना हातचा धंदा शिकवणारी क्वीन मेरीज संस्था मुंबईत १९१७ साली सुरू झाली आणि पुढे खडकीला आली. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली पुण्यात निघाले. खडकीतच १९७४ पासून कमरेखाली लुळे झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. आपल्यातली कित्येक माणसे खडकीला नोकरीला होती, रोज त्या फाटकावरून जायची. आत काय चालते हे फार थोड्यांनी पाहिले.

लाकडी पाय लावला की माणूस चालू लागला, असे आपल्याला वाटते. तसे नसते. आधी उरलेला भाग भरून यावा लागतो. त्यावर घट्ट पट्टी बांधून त्याला आकार द्यावा लागतो. मग माप घ्यायचे, साचा करायचा, आणि दोन समांतर दांड्यांना धरून पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात. आकार पुढेही बदलतो, की पुन्हा माप. आणि एक विचित्र गोष्ट अशी की गेलेला पाय दुखतो. नसलेल्या अंगठ्याला खाज येते, पोटरीत कळ उठते. डॉक्टरांना हे चांगले माहीत आहे, कारण मेंदू आणि मज्जातंतूंना पाय गेल्याचा पत्ता एकदम लागत नाही. पण घरच्यांना वाटते, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. मग गंडेदोरे सुरू! तुमच्या घरात असा कोणी होऊन गेला असेल तर तो वेडा नव्हता एवढे लक्षात घ्या.

पाठीच्या कण्याला मार बसलेल्याचे तर पूर्वी औषधच नव्हते. खाटेवर पडून पाठीला व्रण व्हायचे, लघवीचा दोष व्हायचा आणि बहुतेक लवकर जायचे. नाझींच्या छळातून निसटून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून स्टोक मँडेव्हिलच्या दवाखान्यात हे चित्र पालटले. दर दोन तासांनी कूस बदला, आणि माणसाला पडू देऊ नका, कामाला लावा, खेळाला लावा. २९ जुलै १९४८ ला त्यांनी चाकाच्या खुर्चीवरच्या १६ माजी सैनिकांची तिरंदाजी ठेवली. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक झाले.

त्या पॅरालिम्पिकमध्ये भारताचे पहिले सुवर्णपदक कोणी आणले हे आम्ही मंडळात विचारले, तर दोघांनाच सांगता आले, आणि त्यांतल्या एकाने सिनेमा पाहिलेला होता. ते आणले मुरलीकांत पेटकर यांनी. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा, १९४४ साली जन्मलेला मुलगा. फौजेत ईएमई विभागात कारागीर, आणि नावाजलेला मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात विमानहल्ल्यात त्यांच्या अंगात अनेक गोळ्या शिरल्या. दीर्घकाळ बेशुद्धी, स्मृती गेलेली, कमरेखालचे अंग लुळे. कण्याजवळची एक गोळी तर काढताच आली नाही. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी इस्पितळात उपचार चालले. तिथे व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवले. ज्याचे हात मुष्टियुद्धात घडलेले, त्याला पाण्यात पायांची उणीव भासेना. बघा, खेळ तोच राहिला नाही, पण खेळाडू राहिला.

१९६८ साली तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले. मग १९७२, जर्मनीत हायडेलबर्ग. प्रवासखर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी हात दिला. ५० मीटर फ्रीस्टाइल, वेळ ३७.३३ सेकंद, जागतिक विक्रम आणि सुवर्ण. कोणत्याही भारतीयाने अशा जागतिक मेळ्यात एकट्याने मिळवलेले ते पहिले सुवर्ण. ऑलिम्पिकला तसे पदक यायला २००८ साल उजाडले.

परत आल्यावर ते पुण्यात टेल्कोत नोकरी करू लागले. आम्हाला यातली नोकरी पदकाइतकीच मोठी वाटते. सकाळी उठून कामावर जायचे, महिन्याला पगार घरात द्यायचा, यानेच माणूस घरी परततो. नाहीतर तो घरात असूनही दवाखान्यातच असतो. सरकारला मात्र त्यांची आठवण व्हायला ४६ वर्षे लागली. पद्मश्री २०१८ साली मिळाली, आणि अर्जुन जीवनगौरव २०२४ चा, तोही सिनेमा येऊन गेल्यावर.

जखमी जवानाला शेवटी काम लागते, आणि कामाच्या जागी मान लागतो. आपल्या भागातला देहूरोड पाहा. लष्करी डेपोंच्या आसऱ्याने तिथे आपली वस्ती वाढली. सरकारी पगार आला आणि गावकीची काठी सुटली. तिथेच २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आदल्या पिढीने ज्या माणसांना पाणवठ्यावरून हाकलले, त्यांनीच आपल्या कमाईतून विहार उभा केला. तळेगावला बाबासाहेबांचा बंगला, देहूरोडला विहार, खडकीला जखमींची घरे, सगळे एकाच लोहमार्गावर.

आता विनंती. ट्रंक उघडली तर पत्रांच्या घड्या उलट्या दिशेने मोडू नका, कागद तिथेच तुटतो. चिकटपट्टी लावू नका. पत्रावर गावाचे नाव नसून नुसते ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ असेल तर गोंधळू नका, तो लष्करी टपालाचा पत्ता आहे, पलटण कुठे आहे हे मुद्दामच लिहीत नसत. त्यावरचा शिक्का आणि तारीख वाचून वहीत टिपून ठेवा. मोडी अक्षर असेल तर वाचणारे पुण्यात मिळतात. आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्याच्यासमोर पत्र मोठ्याने वाचा. आमच्यातल्या एकाने घरी तसे वाचले. मजकूर चार ओळींचा, ‘मी खुशाल आहे, पायाला थोडे लागले, काळजी नसावी.’ ऐकून म्हातारी हसली आणि म्हणाली, “थोडं लागलं म्हणं! मेल्याचा गुडघ्याखाली पायच नव्हता. अन् मी बी त्याला लिवलं व्हतं, म्हैस बरी हाय. म्हैस कधीच इकली व्हती.”