ई-रिक्षाचा भार हलका करणारे संमिश्र पदार्थ

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पहाडगंज बाजूस उतरलेल्या प्रवाशाला मेन बझार किंवा रामकृष्ण आश्रम मार्ग मेट्रो स्थानक गाठण्यासाठी ई-रिक्षा हे स्वस्त साधन आहे. नियमानुसार या वाहनातून चालकाव्यतिरिक्त चार प्रवासी आणि ४० किलो सामान नेता येते. वेगाची कमाल मर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे.

एवढ्या कमी वेगात हवेचा अवरोध फारसा जाणवत नाही. बॅटरीतील ऊर्जा प्रामुख्याने चाकांच्या घर्षणावर मात करण्यात आणि गर्दीत थांबून पुन्हा वेग घेण्यात खर्च होते, आणि हे दोन्ही खर्च वजनाबरोबर वाढतात. त्यामुळे वाहनाचे वजन हा चालकाच्या दिवसाच्या कमाईचाच प्रश्न ठरतो.

लहान विद्युत वाहनांच्या या विषयावर महाराष्ट्रात बरेच आधी काम झाले. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी विद्युत सायकल रिक्षा विकसित केली. त्यावरील त्यांचा लेख २००२ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दिल्लीत ऑक्टोबर २००८ मध्ये चांदणी चौकात 'सोलेक्शॉ' या सौर रिक्षाचा प्रारंभ झाला. पुढे बॅटरी रिक्षांची संख्या नियमांविना वाढली, जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली आणि २०१५ च्या कायदादुरुस्तीने त्यांना अधिकृत स्थान मिळाले.

संमिश्र पदार्थ म्हणजे काचेचे किंवा कार्बनचे तंतू रेझिनमध्ये बसवून तयार केलेला पदार्थ. बाजारात त्याला नुसते 'फायबर' म्हणतात. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८ ग्रॅम, तर काचतंतूच्या फायबरची सुमारे १.९ आणि कार्बन फायबरची सुमारे १.६ ग्रॅम असते. मात्र वजन चौपट घटेल, असा हिशेब करणे चुकीचे आहे. काचतंतूचे फायबर पोलादाइतके ताठ नसल्याने पत्रा जाड ठेवावा लागतो. ते गंजत नाही आणि थोड्या संख्येने भाग बनवायचे असल्यास महागडे साचे लागत नाहीत, हे त्याचे खरे लाभ होत. कार्बन फायबर ताठ असले तरी महाग आहे. बीएमडब्ल्यू कंपनीने २०१३ ते २०२२ या काळात तयार केलेल्या 'आय-३' मोटारीत प्रवासी कक्ष त्याचा होता. ई-रिक्षाच्या किमतीत ते बसणे कठीण.

शिवाय ई-रिक्षात सर्वात जड वस्तू छप्पर नव्हे, तर बॅटरी आहे. शिसे-आम्ल प्रकारच्या चार बॅटऱ्या मिळून ४८ व्होल्ट देतात आणि त्यांचे वजन शंभर किलोहून अधिक भरते. तेवढीच ऊर्जा साठवणारी लिथियम-आयन बॅटरी त्याच्या निम्म्याहून हलकी असते, म्हणजे जवळपास एका प्रवाशाचे वजन वाचते. केवळ बॉडी फायबरची करून जुनी बॅटरी तशीच ठेवल्यास हाती थोडेच लागते. दोन्ही बदल एकत्र केल्यास लहान बॅटरीवरही तेवढेच अंतर कापता येते.

सुरक्षेसाठी सांगाडा आजही पोलादी नळ्यांचाच योग्य ठरतो. अपघातात पोलाद वाकून धक्का शोषते, तर साधा फायबर पत्रा तडकतो. काचतंतूच्या बॉडीला गेलेला तडा गल्लीतील कारागीर तंतूंची चटई आणि रेझिन लावून बुजवू शकतो. आतील थर सुटले असल्यास मात्र ते वरून दिसत नाही. एकदा घट्ट झालेले असे रेझिन वितळवून पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे मोडीत निघालेल्या बॉडीला पोलादासारखा भंगाराचा भावही मिळत नाही.