हर्सूलच्या फुफाट्यातून खडकीकडे

हर्सूल टी-पॉइंटवर उभे आहात ना? रिक्षा जाऊ द्या, मोबाइल खिशात टाका आणि चारशे वर्षं मागं या. जपून, पायाखाली आता डांबर नाही. घोट्यापर्यंत फुफाटा आहे.

आधी नाकात शिरतो चुना. बैल घाणी ओढतायत, चुन्यात गूळ पडतोय, त्यावर माश्या घोंघावतायत आणि त्यातल्या निम्म्या तुमच्या मानेवर येऊन बसल्यात. पाथरवटांच्या घणांनी कान किटलेत. कुणीतरी तुमच्या डोक्यावर चुंबळ ठेवतं, वर मातीची पाटी. ‘चल रे, हाल!’ इथं तुम्हाला सर म्हणणारं कुणी नाही.

खाली उतरा. भुयारात पाय टाकताच ऊन तुटतं आणि घामेजलेल्या पाठीवर काटा येतो. पणतीच्या उजेडात भिंतीवर बोट फिरवून बघा, बोट ओलं होतं. खाम नदीच्या खोऱ्यात मुरलेलं पाणी असं थेंबाथेंबानं इथं जमतं आणि निव्वळ उतारावर खडकी शहरापर्यंत जातं. मोट नको, बैल नको. ही मलिक अंबरची नहर. खडकाळ माळावर शहर वसवतोय म्हणून हसणारे आता गप्प झालेत.

दुपारी भाकरी-कांदा मिळेल. चहा मागू नका, तो इथं कुणाला ठाऊक नाही. पंगतीत मराठी, दखनी, फारसी आणि हबशी बोली एकात एक मिसळलेल्या. गादीवर बुऱ्हाण निजामशहा आहे, पण त्याचं नाव निघतं ते खुतब्यापुरतं. या घराण्याचा मूळ पुरुष आपल्या पाथरीच्या ब्राह्मणाच्या पोटचा, असं सांगतात. आणि ते घराणं सावरून धरणारा अंबर? मूळ नाव चापू, बगदादच्या बाजारात विकला गेलेला हबशी पोरगा. त्याच सुमाराला इराणात जॉर्जियाहून आणलेला अल्लाहवर्दी खान हा गुलाम शाह अब्बासचा सेनापती होऊन इस्फहानच्या नदीवर तेहेतीस कमानींचा पूल बांधून बसलाय. राजे गादीवर आणि बांधकामाला गुलाम, असा तो काळ.

तेवढ्यात बुऱ्हाणपूरच्या वाटेनं धूळ उठते. बारगीर! घोड्यांच्या घामाचा उग्र दर्प, शिव्या, पाण्यासाठी रेटारेटी. मोगल कुठवर आले, याची बातमी देऊन ते पुढे निघूनही जातात. मुकादम ओरडतो, पाट्या पुन्हा चालू.

परत या आता. निजामशाही 1636 मध्ये संपली, खडकीचं नावही पुढे बदलत गेलं. नहरीची तोंडं मात्र हर्सूलकडून शहरात येताना अजून दिसतात. त्यांत कचरा टाकू नका, एवढं करा.