लुंड येथील हृत्प्रतिध्वनिलेख व त्याचें वाचन

सीताबर्डी येथील एका वैद्यकव्यवसायी स्नेह्यांच्या घरीं जुने कागद चाळीत असतां मोडी पत्रांच्या रुमालांतून एक लांब, पिवळी पडलेली पट्टी निघाली. तीवर अक्षर एकहि नाहीं. चढत उतरत जाणाऱ्या रेघा मात्र आहेत. हा कोणा रुग्णाच्या हृदयाचा ‘एको’ आहे, असें स्नेह्यांनीं सांगितलें. नांव नाहीं, मिति नाहीं. सबब पट्टीचा काल व धनी ठरवितां येत नाहीं. परंतु असा लेख प्रथम कोणीं वाचिला व तें वाचन कसें चुकलें, ही हकीकत संशोधकांनीं ध्यानीं घेण्याजोगी आहे.

स्वीडनमधील लुंडच्या रुग्णालयांत डॉ. इंगे एडलर (१९११–२००१) हृद्रोगविभाग पाहत असत. संधिवातज्वरानें बिघडलेली हृदयाची द्विदल झडप शस्त्रक्रियेनें मोकळी करण्याचा उपाय त्या सुमारास रूढ होत होता. झडप नुसती आकसली असेल तर शस्त्र उपकारक. तींतून रक्त मागें गळत असेल तर तेंच अपायकारक. हा भेद छाती न उघडतां कळावा कसा, हा प्रश्न एडलर यांनीं हेल्मुट हेर्ट्झ या तरुण पदार्थवैज्ञानिकास घातला. धातूंतील भेगा शोधणारें श्रवणातीत ध्वनीचें यंत्र हेर्ट्झ यांनीं मालमो येथील कोकुम्स जहाजगोदींतून उसनें आणिलें आणि आपल्याच छातीला लावून पाहिलें. ठोक्याबरोबर हलणारा प्रतिध्वनि पडद्यावर उमटला! पुढें सीमेन्स कंपनीनें यंत्र दिलें. हेर्ट्झ यांचे वडील, नोबेल पारितोषिक मिळालेले गुस्टाव हेर्ट्झ, पूर्वीं तिच्या संशोधनशाळेचे प्रमुख होते, तो संबंध येथें कामीं आला. २९ ऑक्टोबर १९५३ रोजीं पहिली नोंद झाली व १९५४ सालीं ती लुंडच्याच रॉयल फिजिओग्राफिक सोसायटीच्या इतिवृत्तांत, म्हणजे आपल्या मंडळासारख्याच एका स्थानिक विद्वत्सभेच्या पानांवर, प्रसिद्ध झाली.

नोंदींतील सर्वांत ठळक रेघ एडलर यांनीं डाव्या अलिंदाच्या पुढील भिंतीची मानिली. झडप आकसलेल्या रुग्णांत ती रेघ मंद उताराची येई व निदान बरोबर ठरे. वाचन चुकीचें असून निष्कर्ष खरा निघावा, हा योग कागदपत्रांच्या अभ्यासांतहि येतो व तोच फार फसवा असतो. एडलर मात्र तेवढ्यावर थांबले नाहींत. ध्वनि ज्या दिशेनें सोडिला होता तीच दिशा मृत्यूनंतर देहांत सळई घालून त्यांनीं पडताळिली. सळईच्या वाटेंत भिंत नव्हती. द्विदल झडपेचें पुढचें दल होतें. १९६० सालीं रोम येथील यूरोपीय हृद्रोगपरिषदेंत त्यांनीं आपलें काम चित्रपटानें दाखविलें. महारोहिणीच्या मुळाच्या रेघांची ओळख १९६८ सालीं अमेरिकेंत रेमंड ग्रामियाक व प्रवीण शाह यांनीं पटविली. रक्तांत द्रव टोचून प्रतिध्वनि कोठें उठतात तें त्यांनीं पाहिलें. १९७७ सालीं एडलर व हेर्ट्झ या दोघांस लास्कर पारितोषिक मिळालें.

निरोगी पुढचें दल प्रत्येक ठोक्यास एक मोठें व एक धाकटें अशीं दोन शिखरें काढतें. सीताबर्डीच्या दोन टेकड्याच म्हणाना. झडप आकसली म्हणजे मधली खिंड भरून येते. आमच्या पट्टींत ती आरंभापासून शेवटपर्यंत भरलेली आहे.