पेलोरियाचें कोडें

इ. स. १७४२ सालीं स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचा मॅग्नस झिओबेर्ग नांवाचा एक विद्यार्थी स्टॉकहोमनजीकच्या द्वीपसमूहांतील एका लहानशा बेटावर वनस्पती गोळा करीत होता. तेथें त्याला एक चमत्कारिक रोप आढळलें. त्याचीं पानें व देंठ लिनारिया या अगदीं परिचित रानरोपासारखे. फूल मात्र भलतेंच. लिनारियाचें नेहमींचें फूल पिवळें व दोन ओठांचें असतें. त्याचा वरचा भाग खालच्यासारखा नसतो, आणि मागें मधाची एकच निमुळती नळी लोंबत असते. झिओबेर्गला मिळालेल्या फुलास अशा पांच नळ्या होत्या, आणि तें कोणत्याहि बाजूनें पाहिलें तरी चक्रासारखें सारखेंच दिसे. हा नमुना लवकरच उप्साला येथील प्राध्यापक कार्ल लिनियस याच्या हातीं आला.

लिनियसला प्रथम वाटलें कीं, कोणी तरी थट्टेखातर दुसऱ्या झाडाचीं फुलें लिनारियाच्या देंठास चिकटविलीं असावीं. परंतु बारकाईनें तपासतां त्याची शंका फिटली आणि विस्मय वाढला. १७३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘सिस्टिमा नेचुरी’ या ग्रंथांत त्यानें मुख्यतः फुलांतील पुंकेसरांची संख्या व ठेवण यांवरून वनस्पतींचे वर्ग पाडले होते. लिनारियाच्या फुलांत दोन लांब व दोन आखूड असे चार पुंकेसर असतात; या फुलांत पांच होते. म्हणजे रोप लिनारियाचें, पण फुलाच्या साक्षीनें तें दुसऱ्याच वर्गांत जाऊन बसत होतें! ईश्वरानें आरंभीं जितक्या जाती निर्मिल्या तितक्याच आज आहेत, अशी लिनियसची श्रद्धा होती. तिलाच हा धक्का होता. १७४४ सालीं उप्साला येथें या फुलावर एक प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यांत त्याला ‘पेलोरिया’ हें नांव मिळालें. अक्राळविक्राळ प्राण्यासाठीं असलेल्या ग्रीक शब्दावरून तें घेतलें होतें. हें रोप दोन जातींच्या संकरांतून झालें असावें, असा लिनियसचा तर्क होता. उत्तरायुष्यांत, संकरानें नव्या जाती उत्पन्न होऊं शकतात, हें त्यानें मान्यहि केलें. परंतु कोडें तसेंच राहिलें.

लिनारियाचें एक जवळचें आप्त म्हणजे अँटिऱ्हायनम. आपल्याकडील बागांतून हिवाळ्यांत फुलणाऱ्या या झाडास पुष्कळ लोक ‘डॉग फ्लॉवर’ म्हणतात. त्यालाहि क्वचित् अशीं चक्राकार फुलें येतात. चार्ल्स डार्विननें अशा झाडाचा साध्या झाडाशीं संकर केला. पहिल्या पिढींतील सारीं रोपें साध्या फुलांचीं निघालीं. त्यांच्या बियांपासून झालेल्या १२७ रोपांपैकीं मात्र ८८ साधीं, ३७ पूर्ण पेलोरिया आणि २ मधल्या रूपाचीं झालीं. १८६८ सालीं डार्विननें हे आकडे छापले. त्यापूर्वीं दोनच वर्षें ग्रेगोर मेंडेलनें वाटाण्यांत असेंच तिनास एक प्रमाण दाखवून त्याचा नियम सांगितला होता. डार्विनपुढें जवळजवळ तेंच प्रमाण उभें होतें. त्यांतील नियम त्याच्या ध्यानांत आला नाहीं.

पुढें हॉलंडमधील ह्यूगो द व्रीस यानें आपल्या बागेंत साध्या लिनारियाच्या वंशांत पेलोरिया एकाएकीं उपजतांना पाहिला, आणि आनुवंशिक गुणांत आकस्मिक पालट होतो या आपल्या सिद्धान्तास तो पुरावा म्हणून दिला. १९५३ सालीं वॉटसन व क्रिक यांनीं डीएनएची रचना उलगडली. मग असा पालट म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांच्या मजकुरांत पडलेला फरक, हें समीकरण दृढ झालें. पेलोरियाच्या मजकुरांतहि एखादें अक्षर चुकलें असेल, असेंच कोणालाहि वाटलें असतें.

परंतु याच काळांत दुसरा एक प्रश्न पुढें येत होता. माणसाच्या यकृतांतील पेशींत व मेंदूंतील पेशींत जनुकें तींच असतात. मग एक यकृत व दुसरा मेंदू कां होतो? सुमारें वीस हजार खोल्यांचा एक वाडा कल्पावा. प्रत्येक पेशीस तो सबंध वारशानें मिळतो. पण तिच्या कामाच्या खोल्या तेवढ्या उघड्या राहतात, बाकीच्यांस कुलुपें असतात. मजकूर न पालटतां जनुकांचें कार्य कसें पालटतें व तो पालट पेशींच्या पिढ्यांतून कसा टिकतो, याचा विचार करणाऱ्या शास्त्रास आज एपिजेनेटिक्स म्हणतात. हा शब्द १९४२ सालीं ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यानें, कांहींशा अधिक व्यापक अर्थानें, योजिला. १९६१ सालीं पॅरिस येथील जाकोब व मोनो यांनीं एका जंतूंत असें कुलूप प्रत्यक्ष दाखविलें. दुधांतील साखर मिळत नसली कीं, ती पचविणाऱ्या जनुकांस एक प्रथिन अडवून धरतें. ती मिळाली कीं, तें प्रथिन बाजूस होतें.

परंतु हें कुलूप क्षणोक्षणीं उघडणारें व लागणारें आहे. पेशी दुभंगल्यावरहि टिकणारें कुलूप कोणतें? १९७५ सालीं इंग्लंडांत हॉलिडे व प्यू यांनीं आणि अमेरिकेंत रिग्ज यानें स्वतंत्रपणें एकच तर्क मांडला. डीएनएमधील सायटोसिन या अक्षरावर मेथिल नांवाचा लहानसा अणुसमूह चिकटतो. अक्षर तेंच राहतें, पण अशा खुणा जनुकाच्या आरंभाशीं दाट झाल्या म्हणजे बहुधा तें वाचलें जात नाहीं. पेशी दुभंगतांना जुन्या धाग्यावरील खुणा पाहून नव्या धाग्यावर तशाच खुणा केल्या जातात. म्हणून कुलूपहि वारशानें जातें.

इंग्लंडांतील नॉरिच येथील जॉन इनेस सेंटरमध्यें एन्रिको कोएन व त्याचे सहकारी अँटिऱ्हायनमच्या फुलांची घडण अभ्यासीत होते. १९९६ सालीं त्यांनीं ‘सायक्लॉइडिया’ हें जनुक हस्तगत केल्याचें प्रसिद्ध झालें. कळींत हें जनुक वरच्या बाजूसच जागें असतें, आणि त्यामुळें वरच्या व खालच्या पाकळ्यांत भेद पडतो. तें निकामी झालें तर तो भेद मावळूं लागतो. मग पिलार क्यूबास, कोरल व्हिन्सेंट व कोएन यांनीं लिनारियांतील तेंच जनुक तपासलें, आणि १९९९ सालीं उत्तर प्रसिद्ध केलें. पेलोरियांत त्या जनुकाच्या मजकुरांत या विकृतीचा उलगडा करील असा फरक नव्हता. त्यावर मेथिलच्या खुणा मात्र दाट होत्या, आणि तें पूर्णपणें मुकें झालें होतें. त्यामुळें साऱ्या पाकळ्यांनीं खालच्या पाकळीचेंच रूप घेतलें होतें. एका नळीच्या पांच नळ्या झाल्या त्या अशा. हें मुकेपण बियांतून पुढच्या पिढींत जात होतें. क्वचित् त्याच झाडावर कांहीं खुणा गळून जात, जनुकास पुन्हां वाचा फुटे, आणि जवळजवळ साधें लिनारियाचें फूल येई.

यावरून एकदम मोठे निष्कर्ष काढणें मात्र बरें नव्हे. वनस्पतींत अशा खुणा पिढ्यान्‌पिढ्या टिकूं शकतात. सस्तन प्राण्यांत बीजपेशी घडतांना व गर्भाच्या आरंभीं त्या बव्हंशीं पुसून नव्यानें लिहिल्या जातात. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत हॉलंडमध्यें भीषण उपासमार झाली. त्या काळांत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या वाढीशीं संबंधित एका जनुकावरील मेथिलच्या खुणा सुमारें साठ वर्षांनंतरहि त्यांच्या भावंडांपेक्षां कमी आढळल्या, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. मातेच्या पोटांतील उपासाची निशाणी जन्मभर टिकूं शकते, एवढें यावरून दिसतें; ती नातवंडांस पोंचते, असें यावरून ठरत नाहीं.

लिनियसच्या हातीं आलेल्या फुलास कोणी पाकळ्या चिकटविल्या नव्हत्या, आणि तें संकरानेंहि झालें नव्हतें. तें लिनारियाच होतें. त्याचें एक जनुक तेवढें मिटलेलें होतें, आणि हें कळावयास २५७ वर्षें लागलीं.