पारसिकच्या पलीकडचा रविवार : ठाणे, डोंबिवली, कल्याण आणि दूरदर्शन

१.
‘तशी कार्टून, तशी गाणी, तशा मालिका आता होणे नाही.’ ठाण्यापासून कल्याणपर्यंत चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या रसिकांचे हे मत ठाम असते. ते मान्य करण्यापूर्वी किंवा हसण्यावारी नेण्यापूर्वी दोन साधे प्रश्न विचारावे लागतात. या शहरांत दूरदर्शन पोहोचले कसे? आणि ते पाहायला घरी कोण असे?

२.
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा प्रक्षेपण मनोरा ३०० मीटर उंच. त्या लहरी जवळपास सरळ रेषेत जात; वाटेत डोंगर आला की चित्र कमजोर होई. वरळी आणि डोंबिवली यांच्या मधे पारसिकचा डोंगर उभा आहे. रेल्वेने १९१६ मध्ये त्यातून बोगदा काढला. दूरदर्शनच्या लहरींना तशी सोय नव्हती. म्हणून गच्चीवर, कौलांवर उंच काठीला अँटेना बांधायची, तिचे तोंड नैऋत्येला वळवायचे, आणि खालून कोणीतरी ओरडून सांगायचे, की मुंग्या गेल्या की अजून आहेत.

३.
आता दुसरा प्रश्न. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. पुढच्या शतकात या पट्ट्याचे जीवन त्याच रुळांना बांधले गेले. कल्याण मुंबईच्या टोकापासून सुमारे ५४ किलोमीटर. कमावते माणूस सकाळी डबा घेऊन निघे ते दिवेलागणीनंतर परते. ‘आमची माती, आमची माणसं’ सुरू होई तेव्हा घरात मुले, आजी-आजोबा आणि स्वयंपाकात गुंतलेली गृहिणी असत. बाबा कुर्ला-घाटकोपरच्या दरम्यान दांडीला लोंबकळत असत.

४.
याला अपवाद रविवारचा. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी दाखवले गेले. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ आले, तेही रविवारीच. ज्या गावाचा कर्ता माणूस आठवड्याचे सहा दिवस गाडीत आणि कचेरीत असे, त्या गावात ही वेळ म्हणजे सगळे घर एका खोलीत बसण्याची वेळ ठरली. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ प्रथम दिसले तो १५ ऑगस्ट १९८८ चा सोमवारही सुट्टीचाच होता.

५.
मग कार्यक्रम चांगले नव्हते का? होते, आणि त्याला कारण होते. नव्या माध्यमाने जुन्या, मुरलेल्या कलांकडून उसनवारी केली. ‘चिमणराव’ मालिकेत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ उभे केले. पण ती पात्रे १९६३ मध्ये निवर्तलेल्या चिं. वि. जोशी यांची होती, वाचकांनी आधीच पारखलेली. बातम्या देणाऱ्यांत भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील होत्या. ‘मिले सुर’ला चाल होती अशोक पत्की यांची आणि पहिला स्वर पंडित भीमसेन जोशी यांचा. दूरदर्शन तरुण होते. त्यातली माणसे मात्र साहित्य, रंगभूमी आणि संगीत या जुन्या घरांतून आलेली होती.

६.
कार्टूनची कथा तर अधिक गमतीची. ‘आपले’ म्हणून आठवला जाणारा मोगली जपानमध्ये चितारलेला आहे. निप्पॉन ॲनिमेशनची ही मालिका १९८९-९० ची. दूरदर्शनवर ती हिंदीत १९९३ मध्ये आली. शीर्षकगीत गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे, शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांचा. मूळ कथाकार रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ चा, मुंबईतला. खऱ्या अर्थाने देशी आठवण हवी असेल तर १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा सात मिनिटांचा चित्रपट घ्यावा. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, चित्रचलन भीमसेन यांचे. (हे भीमसेन निराळे; गायक नव्हेत.)

७.
या स्मरणरंजनातून काही माणसे मात्र गळतात. एका मजल्यावर एखादाच संच असे. ज्यांचा संच, ते खुर्चीवर. शेजारची मुले जमिनीवर, आणि काही मुले उंबऱ्याबाहेर किंवा खिडकीच्या गजाला धरून. यजमानांना जेवायचे असले की दार लोटले जाई. रविवारी सगळे घरी, म्हणून स्वयंपाकही मोठा. त्यामुळे अनेक गृहिणींनी त्या मालिका पाहिल्या कमी आणि ऐकल्या जास्त. ‘सगळे एकत्र बसून पाहायचो’ या वाक्यातल्या ‘सगळे’ शब्दात ओट्यापाशी उभी असलेली आई क्वचितच धरलेली असते.

८.
१९९२ मध्ये झी आले, १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क, १९९९ मध्ये अल्फा मराठी. केबलच्या तारा गच्चीगच्चीवरून फिरल्या आणि पारसिकचा डोंगर निरर्थक झाला. मराठी प्रेक्षकाचे यात नुकसान झाले असे म्हणता येत नाही. दिवसातले काही तास मिळणारी मराठी आता दिवसभर मिळू लागली. लेखकांना, नटांना, तंत्रज्ञांना काम मिळाले. गेली ती एकच गोष्ट : सगळ्यांनी एकाच घटकेला तेच पाहण्याची सक्ती.

९.
याची परीक्षा २०२० मध्ये अनायासे झाली. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले, रोज सकाळी आणि रात्री. देशभर ते प्रचंड पाहिले गेले. मालिका तीच, दृश्ये तीच. डोंबिवलीतला कर्ता माणूसही कित्येक वर्षांनी कामाच्या दिवशी घरी होता. फक्त या वेळी त्याच्या घरी असण्याला सुट्टीचा आनंद नव्हता. पगाराची आणि आजाराची धास्ती होती. आणि शेजाऱ्याचे दार बंद होते.

१०.
म्हणून त्या ठाम मताकडे पुन्हा पाहताना एवढे म्हणता येते. कार्यक्रम चांगले होते, पण सगळे नव्हते. कंटाळवाणे होते ते विसरले गेले. गाणी दुर्मीळ होती म्हणून गोड लागली. या पट्ट्यातला रसिक जे परत मागतो, ते बहुधा कार्यक्रम नसतातच. ते आता मोबाइलवर हवे तेव्हा मिळतात. तो मागतो ती सकाळ, ज्या सकाळी गाडी पकडायची नसे आणि बाबा घरी असत. तिचे पुनर्प्रक्षेपण कोणत्याही केंद्राला जमणारे नाही.