तडा कुणाचा? धातूचा की जखडणीचा?

स्टेनलेस स्टीलचा वेल्ड गोठताना कधीकधी त्यात बारीक तडे जातात. का जातात? गंधक आणि फॉस्फरस शेवटी कणांच्या सीमांवर साचतात, तिथं द्रवाचा पातळ थर उरतो. धातू आकसतो, ओढ बसते आणि चीर तिथंच पडते.

वेल्डमध्ये थोडं फेराइट असलं तर हे टळतं, कारण ही अशुद्धी ते जास्त सामावून घेतं. मिश्रणावरून फेराइटचा अंदाज देणारा शेफलरचा आलेख १९४९ साली आला. पण अंदाज तो अंदाज, चाचणी हवीच ना!

चाचणीत पट्ट्या घट्ट जखडून वेल्ड करत. तडा गेला, तर दोष कुणाचा? धातूचा की जखडणीचा? हे वेगळं काढणं अवघड होतं.

१९६५ साली अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकच्या सॅव्हेज आणि लुंडिन यांनी ही ओढच आपल्या हातात घेतली. पट्टीचं एक टोक पकडायचं आणि वेल्डिंग चालू असतानाच ती गोलाकार ठोकळ्यावर झटकन वाकवायची. हिशेब सोपा आहे: पट्टी ६ मिलिमीटर जाड, ठोकळ्याची त्रिज्या १५० मिलिमीटर, तर पृष्ठभाग सुमारे २ टक्के ताणला जातो. ठोकळा बदला, ओढ बदलते. मग सूक्ष्मदर्शकाखाली तड्यांची लांबी मोजायची. हीच व्हेअरस्ट्रेंट चाचणी.

आता प्रश्न ‘तडा गेला का’ एवढाच राहिला नाही. ‘किती ओढीला, किती लांब’ असा झाला. वेल्डरच्या हाताला बोल लावण्याआधी धातूचीही परीक्षा घेता येऊ लागली.